न विझणारा पिवळा

१

माझं काम अंधारात चालतं, आणि त्यात कुणी हाक मारलेली मला खपत नाही. गाजराच्या तुकड्याला चीर द्यायची, त्यात वनस्पतीचं मूळ खोचायचं आणि दाढीच्या ब्लेडनं दोन्ही मिळून इतक्या पातळ चकत्या काढायच्या की पाण्यात टाकल्यावर त्या शोधाव्या लागतात. त्यातली बरी चकती काचेवर घ्यायची, खोलीतला दिवा घालवायचा आणि सूक्ष्मदर्शकाचा जांभळा दिवा लावायचा. मग ज्या मुळाकडे एरवी कुणी ढुंकूनही बघणार नाही ते आतून पेटतं. लाकडी भाग निळा दिसतो. हिरवा कण कुठे राहिला असेल तर तो लालभडक दिसतो. आणि ज्या औषधी द्रव्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पिवळं. रंग आम्ही घालत नाही. तो पेशीत असतोच, आम्ही फक्त त्याला उजेड दाखवतो.

यात एक पथ्य पाळावं लागतं. फार वेळ बघायचं नाही. ज्या उजेडानं हे रंग दिसतात तोच उजेड त्यांना मारतो. बघता बघता निळा फिका पडतो, पिवळा मळतो आणि शेवटी काळोख उरतो. म्हणून बघायचं, फोटो काढायचा आणि लगेच दिव्याची झडप पाडायची. नवीन आलेले लोक तोंडाचा आ करून बघत बसतात आणि चकती जाळून टाकतात. मग मी त्यांना जे बोलते ते ऐकायला शेजारच्या खोलीतले कान टवकारतात.

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असतो. आमच्या घरात तो माझ्या वाट्याला जरा कमीच आला, बाकीचा सगळा माझ्या ताईनं घेतला.

२

या वेळचं मूळ एका वेलीचं होतं. त्याची भुकटी सांधेदुखीवर चालते का हे आमचा विभाग तपासत होता, आणि मुळातलं औषध नेमकं कुठल्या पेशींत आहे हे दाखवायचं काम माझ्याकडे होतं. भुकटी घेऊन बघायला माणसं हवी होती, तेव्हा विभागप्रमुखांनी आम्हा नोकरांच्याच घरचे लोक गोळा केले. प्रमुखांना आम्ही पाठीमागे शांतिब्रह्म म्हणतो. छत कोसळलं तरी हा माणूस आधी चष्मा पुसेल. ताईचे गुडघे तिला जिना चढू देत नव्हते. तिनं परस्पर जाऊन नाव दिलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, आणि मी नको म्हटलं की ती तेच करते, म्हणजे फरक काहीच पडला नसता.

एका सकाळी चकती लावून डोळा भिंगाला लावला आणि भांडारातल्या माणसाचा फोन आला. मागवलेल्या काचा अजून आल्या नाहीत म्हणून मी त्याची खरडपट्टी काढली. डोळा भिंगालाच होता, झडप उघडी होती, आणि बोलण्याच्या भरात ते माझ्या लक्षात राहिलं नाही. फोन ठेवला तेव्हा स्वतःलाच एक शिवी हासडली, कारण चकती जळालेली असणार. निळा खरंच गेला होता. पण मधल्या गोल रांगेतल्या पेशी पिवळ्याजर्द होत्या, आणि सुरुवातीपेक्षा दुप्पट.

असं होत नाही. पाणी वर चढत नाही तसंच हेही होत नाही. मी दुसरी चकती लावली, तिसरी लावली. बघत राहिलं की पिवळा वाढत होता.

शांतिब्रह्मांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की जास्त चमकतंय म्हणजे फोटो चांगले येतील, मग अडचण काय आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाखवायला गेले चमत्कार, आणि हे बघतायत तसबीर. मी दार आपटून परत आले.

मग मी माझी शहाणी अक्कल चालवली. एखादी गोष्ट विचित्र वाटली की आधी यंत्राला दोष द्यावा. कॅमेऱ्याला ठरावीक वेळानं आपोआप फोटो घ्यायला लावलं, दिवा तसाच चालू ठेवला आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. परत येऊन बघितलं तर एकेका फोटोत पिवळा उतरत गेला होता आणि शेवटचे फोटो काळे होते. ठीक. म्हणजे दिवा त्याला जाळतो, जसा सगळ्यांना जाळतो. मग तसाच कॅमेरा लावला आणि या वेळी खोलीत बसून डोळा भिंगाला लावला. सगळे फोटो पिवळे, शेवटचा सगळ्यात जास्त.

दिवा तोच, मूळ तेच, काच तीच. फरक एवढाच की मी बघत होते. हे वाक्य मी मोठ्यानं बोलले नाही. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी त्याला घरी जाऊन झोप काढायला सांगितलं असतं.

३

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. ताईनं मला वाढवलं, म्हणजे बोलून बोलून वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती परत आली. माझं झालंच नाही, आणि त्याचं कारण ती येईल त्या पाहुण्याला सांगायची: पेटत्या चुलीशी कोण लग्न करणार? आम्ही दोघी एका घरात राहतो आणि रोज भांडतो. खिडकी उघडी की बंद, चहा किती उकळायचा, ओला टॉवेल खुर्चीवर कुणी टाकला. सकाळच्या आमच्या भांडणावर शेजारी घड्याळं लावायचे.

भुकटीनं तिचे गुडघे सुधारले हे खरं आहे. ती जिना चढायला लागली तेव्हा मला फार आनंद झाला होता, तो मी अर्थातच दाखवला नाही. मग एक दिवस माझ्या हातून चहा कडूजहर झाला. तिनं घोट घेतला आणि छान झालाय म्हणाली. मला वाटलं टोमणा आहे, मी कंबर कसून बसले. पुढे काहीच आलं नाही. मी मुद्दाम उठून खिडकी लावली. तिला कोंडल्यासारखं होतं म्हणून या खिडकीवरून आमची तीस वर्षं लढाई चाललेली.

"तू म्हणशील तसं," ताई म्हणाली.

डॉक्टरांनाही जिनं कधी तू म्हणशील तसं म्हटलं नाही, ती ही बाई. मला भीती वाटायला हवी होती, पण मला रागच आला. माझ्या हक्काचं काहीतरी कुणी उचलून नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते. एक पान वाचून झालं तेव्हा लक्षात आलं की सुरीचा आवाज येत नाहीये. वळून बघितलं. ती चिरत होती, टक टक टक. मी परत पानात डोकं घातलं आणि आवाज थांबला. वळले, सुरू झाला. दमून थांबत असेल, मी स्वतःला सांगितलं. माझ्यावर रुसून चेष्टा करत असेल. मी आणखी कितीदा वळले ते आठवत नाही, पण मान दुखायला लागली.

मग मी प्रयोगशाळेत केलं तेच घरात केलं. फोनवर आवाज टिपायला लावून तो फळीवर डब्यांच्या मागे ठेवला, दुकानात जाऊन येते म्हणून सांगितलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. नंतर न्हाणीघराचं दार लावून ते ऐकलं. माझी पावलं, दार लागल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. बांगडी नाही, श्वास नाही, खुर्ची सरकल्याची करकर नाही. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली ती ऐकू आली. शेवटी कुलपात किल्ली फिरली, दार उघडलं, आणि दाराच्या त्याच आवाजात सुरी सुरू झाली.

भुकटीचा डबा मी कचऱ्यात टाकला. ताई बघत होती. तिनं विचारलंसुद्धा नाही.

४

शांतिब्रह्मांच्या खोलीत मी न विचारता शिरले. भुकटी आजच्या आज थांबवा, माझ्या बहिणीला काहीतरी झालंय, असं मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाहेर टाइप करणाऱ्याचे हात थांबले. प्रमुखांनी मला बसायला सांगितलं. सगळ्यांची दुखणी कमी झाली आहेत, ते म्हणाले. झोप चांगली लागते, चिडचिड गेली, आणि एकाही माणसानं तक्रार केलेली नाही, असं पूर्वी कधी झालं होतं का? मी म्हटलं, तक्रार नाही हीच माझी तक्रार आहे. ते हसले. पालथ्या घड्यावर पाणी.

रागानं हात झटकला तेव्हा माझी चष्म्याची पेटी टेबलाखाली गेली. मी वाकले. ते सांगत होते की अशा औषधात धीर धरावा ला

आणि गप्प झाले. मला वाटलं, पेटी सापडेपर्यंत थांबले असतील. टेबलाखाली वायर होती, धूळ होती, पेटी हाताला लागली होती. तरी मी वाकूनच राहिले. वर पंखा फिरत होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टिकटिकत होता. माणूस नुसता बसला तरी त्याचा काही ना काही आवाज होतो, कापड घासतं, नाक वाजतं. वरून काही म्हणजे काही येत नव्हतं. कंबरेत कळ आली तेव्हा मी डोकं वर काढलं.

"गतो," प्रमुख म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

तुम्हीही घेता का, असं मी विचारलं. दुसऱ्याला देण्याआधी स्वतः घ्यावी हे त्यांचं तत्त्व आहे, असं त्यांनी सांगितलं. या माणसाच्या कानाखाली आवाज काढायची माझी जुनी इच्छा होती. त्या दिवशी हात उचललाही होता, पण तो कुणाला लागेल हे कळेना. मी खाली घेतला.

बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. न बघता दिवा ठेवला की पिवळा विझतो. फोटो खोटं बोलत नाहीत. कपाटात हातात धरायचा जांभळा दिवा होता, तो पिशवीत टाकला. कुणाला विचारायचं? विचारण्यासारखं तिथे कुणी उरलं आहे की नाही याचीच मला खात्री नव्हती.

५

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मी पुढच्या खोलीच्या खिडकीला चादर लावली. ताईला खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांना इजा नको म्हणून माझा काळा चष्मा तिला घातला. दिवा लावून मी आधी एकदा बघितलं, बघायला नको होतं तरी. नखांखाली, तळहाताच्या रेषांमध्ये, ओठांच्या कडेला तो होता. मुळातला पिवळा, तोच. मी बघत होते तेवढ्यात रेषा रुंद झाल्या.

"छान वाटतंय," ताई म्हणाली. "अजून बघ ना."

मी दिवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवून तिच्याकडे रोखला आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीसमोर जमिनीवर बसले. दिव्याची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येत होती. मागे अर्थातच सगळं थांबलं होतं. माझी बहीण माझ्या पाठीमागे दोन हातांवर बसली आहे आणि श्वास घेत नाहीये, हे माहीत असताना भिंतीकडे बघत बसायला काय लागतं ते मला विचारा. भिंतीला एक पोपडा धरला होता. मी त्या पोपड्याचा मनसोक्त राग केला.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे कुणीतरी घसा खाकरला.

"खिडकीला माझी चांगली चादर लावलीस?"

आवाज गंजल्यासारखा होता, पण तिचा होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी म्हटलं की दुसरी धुतलेली नव्हती. असेल कशी, ती म्हणाली, मी उठले नाही तर या घरात कोण काय धुतं? मी म्हटलं, गेल्या महिन्याचे सगळे कपडे मीच धुतलेत. ती म्हणाली, दिसतंय, सगळ्यांना एकच रंग आलाय. आम्ही भांडलो. कडू चहाचा तिनं सव्याज समाचार घेतला. तो तिच्या जिभेवर आला होता आणि बोलता आलं नव्हतं, हे तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. मान वळवू नये म्हणून मी दोन्ही हातांनी माझे गुडघे घट्ट धरून ठेवले होते.

मग तिचा आवाज उतरला.

"ऐक. तू बघतेस तेव्हा मला इथे जागाच उरत नाही," ताई म्हणाली. "काही झालं तरी बघू नकोस. तुझा काही भरवसा नाही म्हणून सांगते."

"नाही बघत," मी म्हटलं.

त्यानंतर ती बोलली नाही. मी हाक मारली. दिव्याची गुणगुण चालू होती, कातडी तापल्याचा वास येत होता. मी परत हाक मारली, मग चिडवलं, मग जीभ झडली का म्हणून विचारलं. काचेवरच्या चकतीतला पिवळा विझतो तेव्हा मागे काय उरतं ते मला आठवलं. रिकामी, काळी पेशी उरते. मी कशाला जाळत बसले होते? पिवळ्याबरोबर तिलाही? उठून दिवा बंद करावा तर वळावं लागणार होतं. डोळे मिटून चाचपडत जाता आलं असतं, हे आता सुचतं.

तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, खणखणीत, तिच्या ऐन रागातला.

"आईला तूच खाल्लंस. पाळण्यातच नख लावायला हवं होतं तुला."

मी वळले. विचार करायला वेळच नव्हता. रागाच्या भरात माणूस आधी वळतो आणि मग ऐकतो. आणि आयुष्यभरात आमच्या इतक्या भांडणांत ताईनं हे एक वाक्य मला कधीही म्हटलं नव्हतं, हे मला वळल्यावर आठवलं.

ती खुर्चीत बसली होती. तिनं स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता, इतक्या जोरानं की बोटं गालांत रुतली होती. काळ्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं. आणि त्या तळहाताच्या आडून आवाज येतच होता, जराही न दबता, स्वच्छ, पुढची शिवी पूर्ण करत. बोटांच्या फटींतून पिवळा दिसत होता. माझ्या नजरेसमोर तो बोटांवर चढला. मग एकेक बोट सैल झालं, हात अलगद खाली आला आणि मांडीवर नीट ठेवला गेला.

ताई हसली. "झालं का गं तुझ्या मनासारखं?"

६

दिवा मी त्याच दिवशी फोडला. आता ताई भांडते. खिडकीवरून भांडते, चहावरून भांडते, आणि शेजारच्या काकू परवा जिन्यात म्हणाल्या की बरं झालं बाई, आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मी पाठ वळवली तरी ती थांबत नाही. सुरी चालू राहते, खुर्ची करकरते. तिला आता माझ्या बघण्याची गरज नाही. ती इतकं तंतोतंत भांडते की माझ्या अंगाची लाही होते. एखाद्याच्या घरात घुसून, त्याचेच कपडे घालून, वर त्याच्याच शिव्या द्यायच्या म्हणजे काय? त्या गोष्टीला मी तोंडावर विचारलं. तिनं मला ताईसारखंच झिडकारलं.

पण दुपारी मी तिच्यासमोर बसते आणि डोळे मिटते. पहिल्या दिवशी डोळे मिटल्यावर समोर एक छोटासा आवाज झाला होता. ओठांवर तळहात बसल्याचा. बस, तेवढाच. तो मी ओळखला. तेव्हापासून रोज बसते. काही दिवस तो फटकन यायचा, मग हलका झाला, काल मला वाटलं की आला.

आज अजून आलेला नाही. मी डोळे मिटूनच बसले आहे, आणि समोरून कुणीतरी अगदी माझ्या ताईसारखं मला विचारतंय की अशी मढ्यासारखी काय बसलीस.